तीन ओळींची जागा

सोमवारी सकाळी बायकोने वर्तमानपत्राची घडी घातली, तिच्यावर संत्र्याची सालं ठेवली आणि ती म्हणाली, "हरतील ते. माझं वाक्य आहे ना त्यात." मग एक फोड त्याच्यापुढे सरकवून ती पायात बूट घालायला दाराकडे गेली. तो शर्टाची बटणं लावत होता. हात थांबला नाही, चेहराही बदलला नसावा, पण खाली जाताना लिफ्टच्या आरशात त्याला दिसलं की दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलंय आणि गळ्यापाशी कापडाचा एक फुगा आलाय. लिफ्टमध्ये शेजारची बाई होती, तिच्यादेखत बटणं सोडवत कसं बसणार, म्हणून तो तसाच रस्त्यावर आला. फाटकापाशी उभं राहून त्याने ती नीट लावली आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की संत्र्याची फोड अजून तोंडात तशीच आहे, न चावलेली. बातमी त्याने आदल्या शुक्रवारीच ऑफिसात वाचली होती. शहराच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा एक परदेशी कारखाना होता. सात महिन्यांपूर्वी आरोग्यखात्याने तो बंद केला, कारण मागच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं होतं. रक्त तपासणारी डॉक्टर म्हणजे त्याची बायको. आता ती कंपनी बावीस वर्षांपूर्वीच्या गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन सरकारला लवादापुढे खेचत होती. करार दोन देशांत झाला होता, आणि त्याचा मसुदा या बाजूने ज्याने तयार केला तो आता गळ्याशी हात धरून फाटकात उभा होता. बायकोचं वाक्य त्यात नव्हतं. हे साऱ्या जगात फक्त त्याला माहीत होतं.

ते वाक्य त्याला पाठ होतं. घरात सगळ्यांनाच पाठ होतं. "जनतेच्या आरोग्याच्या रक्षणासाठी कोणत्याही सरकारने सद्भावनेने केलेल्या उपाययोजनेस या करारातील कोणतीही तरतूद आड येणार नाही." मुलगी पाच वर्षांची असताना तिला शाळेत जायचं नव्हतं, नाक गळत होतं, तर आईने तिला ते शिकवलं होतं, मग ती पांघरुणातून तोंड बाहेर काढून म्हणायची, "बाबा, जनतेच्या आरोग्यासाठी. आड येऊ नका." पुढे घरात कोणी दूध नको म्हटलं, कोणी गोळी घ्यायची टाळली, पाहुण्याने सिगरेट काढली, की ते वाक्य निघायचं. बायको ओळख करून देताना म्हणायची, "यांच्या अख्ख्या करारात एकच वाक्य कामाचं आहे आणि ते माझं आहे." लोक हसायचे. तोही हसायचा. तेही सवयीचं झालं होतं. माणूस दाढेतल्या भोकालाही सरावतो. जीभ तिकडे नेत नाही, घास दुसऱ्या बाजूने चावतो. बावीस वर्षं त्याने दुसऱ्या बाजूने चावलं होतं.

ऑफिसपर्यंत पंचवीस मिनिटं चालायचं. आज त्याला दुकानांच्या पाट्या वाचता येईनात. अक्षरं दिसत होती, पण ती एकमेकांना धरत नव्हती. ज्या माणसाला ऑफिसात लोक पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणत, ज्याच्या हातून एकही चुकीचं विरामचिन्ह सुटत नाही अशी ख्याती होती, त्याला हे विचित्रच. ख्याती खोटी नव्हती. त्या करारातला एकूण एक स्वल्पविराम आजही जागच्या जागी होता. मजकूर मात्र त्याचा नव्हता, कोणाचाच नव्हता. समोरच्या देशाने आपला तयार नमुना पाठवला होता, तोच त्यांनी आणखी तीस देशांना पाठवलेला, आणि त्याचं काम फक्त देशाचं नाव बदलायचं आणि भाषा नीट करायची. तिकडचे मोठे पाहुणे तीन दिवसांच्या भेटीवर येणार होते. थोरले साहेब म्हणाले होते, "अहो, पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? काहीतरी सही करायला हवं. मासेमारीचं जमत नाही, हवाई वाहतुकीचं अडलंय. हेच करून टाका. यात कोणाचं काही जात नाही." त्या काळी असे करार भिंतीवरच्या तसबिरीसारखे असत. लावायच्या, धूळ बसू द्यायची. परक्याची गुंतवणूक जप्त करणार नाही, त्याला न्याय्य वागणूक देऊ, भांडण झालं तर आपल्या कोर्टाऐवजी बाहेरच्या तीन पंचांपुढे जाऊ. वाचायला सगळं सभ्यच होतं. कोणत्या यजमानाने पाहुण्याशी न्यायाने वागणार नाही असं लिहून दिलंय?

रिवाजाप्रमाणे मसुदा सगळ्या खात्यांकडे अभिप्रायासाठी गेला होता. सगळीकडून 'अभिप्राय नाही' असा शिक्का मारून परत आला, फक्त आरोग्यखात्याचा आला नाही. सह्यांच्या दिवशी, दुपारी अडीच वाजता, तो कागद घेऊन एक बाई स्वतःच आली. नवीन लागलेली, चष्म्यावर घामाची वाफ, पायांत मजबूत काळे बूट. म्हणाली, तिच्या टेबलावर शिक्का मारायच्या गठ्ठ्यात हे होतं, तिने सहज वाचलं, आणि तिला एक प्रश्न पडला. "समजा त्यांची कंपनी इथे काही विषारी बनवायला लागली आणि आपण ते बंद केलं. तर ते अन्याय झाला म्हणतील का?" त्याने मसुदा उघडला, बोट फिरवलं, आणि त्याला पहिल्यांदा दिसलं की म्हणू शकतील. बाईने एक वाक्य लिहून आणलं होतं, चिटोऱ्यावर, गोल स्वच्छ अक्षरात. सहाव्या कलमाच्या शेवटी घालायचं. वाक्य चांगलं होतं. त्याला त्यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही आणि हे त्याच्या बाबतीत क्वचितच घडायचं. तो म्हणाला, "टाकतो." ती म्हणाली, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की." आणि ते म्हणताना तो खरं बोलत होता, याबद्दल त्याच्या मनात आजही शंका नव्हती.

तळमजल्यावरच्या छपाईच्या खोलीत करार तयार होऊन पडला होता. जाड मलईच्या रंगाचा खास कागद, दोन भाषा, दोन प्रती, मधून रेशमी फीत ओवलेली, फितीच्या टोकांवर लाखेचा ठसा. लाख अजून कोमट होती, वास येत होता. सहावं कलम पाचव्या पानाच्या तळाशी संपत होतं. त्याने पट्टी लावून पाहिलं. खाली एका ओळीची जागा होती आणि वाक्याला तीन ओळी लागत होत्या. दोन ओळी पुढच्या पानावर ढकलल्या की सहापासून अकरापर्यंत सगळी पानं सरकणार, दोन्ही भाषांत पानाला पान जुळवावं लागणार, सह्यांचं पान नव्याने काढावं लागणार. बाइंडर म्हातारा होता, तोंडात सुई धरून बोलायचा. "काका, एक वाक्य घालायचंय," तो म्हणाला. "वरात दारात आल्यावर नवरी बदलता का साहेब?" बाइंडर म्हणाला. मग त्याचा चेहरा बघून त्याने सुई तोंडातून काढली आणि म्हणाला, "थोरल्या साहेबांनी सांगितलं तर कापतो फीत. दोन तासांत देतो बांधून." म्हणजे होणार होतं. हेच ते. होण्यासारखं होतं. थोरले साहेब वरच्या मजल्यावर होते, मधे अठरा पायऱ्या होत्या. तो जिन्यापाशी गेला. वरून साहेबांचा आवाज येत होता, फुलांच्या कुंड्या चुकीच्या बाजूला ठेवल्या म्हणून ते कोणाला तरी फाडून खात होते. त्याने कठड्यावर हात ठेवला. लोखंड गार होतं. नंतर पत्राने दुरुस्ती करता येते, असं त्याला तेव्हा आठवलं. दोन्ही बाजूंनी एकेक पत्र लिहायचं, झालं काम, पुष्कळदा करतात. त्या विचाराने इतकं हलकं वाटलं की तो वळला आणि परत आपल्या खोलीत आला. चिटोरा त्याने उजव्या खणात ठेवला, वरच, म्हणजे विसरायला नको.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "टाकलंत का हो माझं वाक्य?" आणि तो म्हणाला, "हो." या 'हो'पाशी तो बावीस वर्षांत किती वेळा जाऊन उभा राहिला असेल. त्या क्षणी पत्राचा मसुदा त्याच्यासमोर अर्धा लिहिलेला होता. आज ना उद्या ते घातलं जाणारच होतं, मग 'अजून नाही, पण घालतोय' हे लांबण कशाला, असा काहीतरी हिशेब झाला असावा. हिशेब तरी कसला. फोनमध्ये ती हसली होती. वाक्य स्वीकारलं गेलं म्हणून कोणी इतकं मोकळं हसलेलं त्याने ऐकलं नव्हतं. मग तिने चहाला बोलावलं, किंवा त्याने. पत्र राहिलं. थोरले साहेब बदलून गेले, नवे आले, नव्यांना जुन्यांची चूक काढून दाखवायची म्हणजे आधी आपली दाखवायची. दीड वर्षाने लग्न झालं. लग्नानंतर सांगायचं तर लग्नाआधी का नाही सांगितलं हे आलं, आणि मुलगी झाल्यावर तर ते वाक्य घरातलं भांडंच झालं, रोज वापरायचं. एकदाच तिने कराराची छापील प्रत मागितली होती, मैत्रिणीला दाखवायला. तो "आणतो" म्हणाला होता.

चार वर्षांपूर्वी सरकारला जाग आली. बाहेरचे देश एकामागून एक अशा दाव्यांत अडकायला लागले, तेव्हा कोणीतरी तसबिरीवरची धूळ झटकली आणि करार रद्द करायचं ठरलं. रद्द केल्याची नोटीस त्यानेच लिहिली. त्या दिवशी तो ऑफिसातून शीळ घालत निघाला होता, बायकोने विचारलंसुद्धा, "काय, बढती मिळाली की काय?" दुसऱ्या दिवशी त्याने चौदावं कलम पुन्हा वाचलं. करार संपला तरी, तो चालू असताना आलेल्या गुंतवणुकीला त्याचं संरक्षण पुढे पंधरा वर्षं मिळत राहील. हेही त्यानेच उतरवलं होतं, समोरच्या देशाच्या नमुन्यातून, पंधराचा आकडा अक्षरी आणि अंकी. मेल्यावरही वर्षानुवर्षं उजेड देत राहणारे तारे त्याने भौतिकशास्त्रात वाचले होते, कायद्यात तशी वस्तू आपल्याच हस्ताक्षरात भेटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

अकरा वाजता सरकारच्या वकीलबाई आल्या. तरुण होत्या, सर्दीने बेजार, एका हातात रुमाल आणि दुसऱ्यात त्याच्या साक्षीचा मसुदा. "काका, तुमचं काम सोपं आहे," त्या म्हणाल्या. "करार होताना आरोग्याचा मुद्दा कोणी काढला होता का?"

"का?"

"कारण कोणी काढला नसेल तर आपलं चांगलं चाललंय. आपण म्हणतो, लोकांचा जीव वाचवणं हे सरकारचं कामच आहे, ते लिहायला कशाला हवं, दोन्ही बाजूंनी गृहीतच धरलं होतं."

"आणि समजा काढला असता?"

वकीलबाईंनी नाक पुसलं. "तर ते म्हणणार, बघा, यांच्याच खात्याने सूट मागितली होती आणि यांनी ती घातली नाही. म्हणजे विचार करून गाळली. म्हणजे सूट नाही. विचारच केला नाही, हे आपल्याला परवडतं काका. विचार करून गाळलं, हे परवडत नाही." मग त्या थांबल्या. "समजा म्हणजे नुसतं समजा ना?"

"नुसतं समजा."

"मग मला समजायचंही नाही." त्यांनी कागद त्याच्यापुढे ठेवला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की माझ्या माहितीप्रमाणे आरोग्याचा मुद्दा त्या वेळी कोणीही उपस्थित केला नाही, कारण तो उभय पक्षांनी गृहीत धरला होता. वाक्य नीटनेटकं होतं, स्वल्पविराम योग्य जागी होता. "शुक्रवारी अकराला सही करायला या. आणि खरं सांगते, बाजू जरा जरी पडती दिसली ना, तर मंत्रालय तडजोड करणार. कंपनीची मागणी एकच आहे, कारखाना सुरू करू द्या. धुराड्याला एखादी जाळी लावतील, कागदावर, आणि दावा मागे घेतील. वर सगळ्यांना तेच हवंय." जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात डॉक्टर मॅडमना भेटते. त्यांची साक्ष पण आहेच. त्यांना कराराची प्रत पाठवली तर चालेल ना, वाचून ठेवतील."

त्या गेल्यावर त्याने उजवा खण उघडला. चिटोरा तिथेच होता. आता वर नव्हता, बावीस वर्षांचे रबरी शिक्के, टाचण्या आणि वाळलेल्या शाईच्या बाटल्या यांच्या खाली होता, पण होता. शाई तपकिरी झाली होती. हा कागद कोणत्याही फायलीत नव्हता. फाडला तर दोन हातांचं काम होतं. मग पुढे बायको वकीलबाईंना म्हणाली असती की मी मुद्दा काढला होता, तर तेही निस्तरता आलं असतं. तिला सांगता आलं असतं की गप्प राहा, मुलांसाठी राहा. मुलांसाठी हे खरंच होतं. खोटं बोललं तर वस्तीतली एकशे सेहेचाळीस मुलं वाचण्याचा संभव होता आणि खरं बोललं तर कारखाना सुरू व्हायचा. हे समीकरण त्याने दुपारभर उलटसुलट मांडलं आणि प्रत्येक वेळी त्याला संशय आला की आपण मुलं एका बाजूला मांडतो ती मुलांसाठी नाही. खऱ्याची अडचण अशी की ते हास्यास्पद होतं. तीन पंचांपुढे, दुभाष्यामार्फत, उभं राहून सांगायचं की साहेब, पानावर जागा नव्हती. बायको वस्तीतल्या एका मुलीबद्दल सांगायची. वर्षापूर्वी ती मुलगी विसापासून उलटे आकडे म्हणायची, मग हळूहळू चौदाशी अडायला लागली. तिथे आली की गप्प बसायची, कोणीतरी पुढचा आकडा देईल म्हणून वाट पाहत. गेल्या महिन्यात ती अकरापर्यंत आली. सगळ्या मुलांच्या रक्तातल्या शिशाची सरासरी अठ्ठावीसवरून एकोणीसवर उतरली होती. हे सांगताना बायकोने त्याच्या खांद्यावर चापट मारून म्हटलं होतं, "तुझा करार बरा आहे हं."

तो साडेतीनलाच निघाला. सोमवारी ती वस्तीत जायची आणि चारपर्यंत परत यायची. घरी आला तेव्हा ती बाल्कनीत पाटावर बसून ओल्या फडक्याने बुटांचे तळवे पुसत होती. वस्तीतली धूळ घरात येऊ द्यायची नाही, म्हणून आधी बूट, मग कपडे, मग कोपरापर्यंत हात, हा तिचा क्रम ठरलेला होता. ऊन तिच्या पाठीवर होतं.

"आज लवकर?" ती वर न बघता म्हणाली.

"तुझं वाक्य करारात नाही."

फडकं थांबलं नाही. "काढलं त्यांनी?"

"नाही. घातलंच नव्हतं."

"कोणी?"

"मी."

तिने बूट खाली ठेवला आणि दुसरा घेतला. "का?"

"पान छापून झालं होतं. जागा नव्हती."

"किती लागत होती?"

"तीन ओळी."

"होती किती?"

"एक."

"मग पुन्हा छापता आलं नसतं?"

"आलं असतं. थोरल्या साहेबांनी सांगितलं तर दोन तासांत देतो, असं बाइंडर म्हणाला."

"साहेब काय म्हणाले?"

"मी वर गेलोच नाही."

ती रुग्णाला विचारते तशी विचारत होती, केव्हापासून, किती वेळा, झोप लागते का. आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. त्यालाही रुग्णासारखंच वाटत होतं, उत्तर देताना एक प्रकारचा लाचार आराम मिळत होता.

"मी फोन केला तेव्हा तू हो म्हणालास."

"हो."

"तेव्हा वेळ गेली होती?"

"नाही. पत्राने दुरुस्ती झाली असती. पत्र अर्धं लिहिलेलं होतं."

"मग?"

"मग तू हसलीस."

आता फडकं थांबलं. ती बाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गादी उन्हात टाकली होती आणि एक बाई काठीने ती झोडत होती. काठी खाली आल्यावर क्षणभराने आवाज येत होता. त्याने खिशातून चिटोरा काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही, हात ओले होते, नुसता वाचला, शेवटपर्यंत, परक्याचं काहीतरी वाचावं तसा. मग त्याने वकीलबाईंचं सगळं सांगितलं. तिसरा परिच्छेद, तडजोड, धुराड्याची जाळी. सांगताना आपला आवाज एखाद्या टिपणासारखा येतोय हे त्याला ऐकू येत होतं. "खरं लिहिलं तर कारखाना बहुतेक सुरू होईल," तो म्हणाला. "नाही लिहिलं तर तुलाही गप्प बसावं लागेल. काय करू?"

"बावीस वर्षांपूर्वी मला विचारलं नाहीस," ती म्हणाली. "आता विचारू नकोस."

ती उठली. गुडघ्याचा आवाज झाला. बूट तिने भिंतीशी जोडीने ठेवले, टाचा मागे. तो दारात होता, त्याला स्पर्श न करता ती बाजूने आत गेली, आणि हे रागाने की हातावरच्या धुळीमुळे हे त्याला ठरवता आलं नाही. आतून विचारलं, "सही केव्हा आहे?"

"शुक्रवारी. अकरा वाजता."

नळ बराच वेळ वाहत राहिला. तो बाल्कनीत उभा होता. त्याला वाटलं, ती रडत असेल, किंवा सामान काढत असेल, किंवा मुलीला फोन करेल आणि मुलीला ते वाक्य नव्याने सांगावं लागेल. दुपारपासून त्याच्यापुढे दोन रस्ते होते आणि दोन्हींच्या तोंडाशी तो आलटून पालटून उभा राहत होता, अजूनही होता. नळ बंद झाला. पंच्याने एकेक बोट पुसण्याइतका वेळ गेला आणि मग तिचा आवाज आला, कामावरचा, कोरडा.

"सिस्टर, मी बोलतेय. महिनाअखेरचे नमुने या आठवड्यात घेऊया. सगळ्यांचे, हो, एकशे सेहेचाळीस. नाही, कोणी आजारी नाही. कारखाना पुन्हा सुरू होणार असं धरून चाला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कोणी सांगितलं नाही. मी सांगतेय. सुरू व्हायच्या आधीचे आकडे आपल्या हातात हवेत. एकदा तडजोडीची बोलणी लागली की आपल्याला तिथे पाऊल टाकू देणार नाहीत."

तो ऐकत होता. तिने त्याला काय लिहिणार हे विचारलं नव्हतं. तो खरं तेच लिहिणार हे तिने धरून टाकलं होतं, पुढचा-मागचा रस्ता न पाहता, आणि त्यावर सुया, नळ्या, बर्फाचे डबे आणि माणसं मोजायला सुरुवातही केली होती. हा विश्वास होता की शिक्षा, आणि तिला तरी तो फरक ठाऊक होता का, हे विचारण्याचा हक्क त्याला उरला नव्हता. चिटोरा त्याच्या बोटांत ओला झाला होता. सिस्टर पलीकडून कुरकुरत असाव्यात, चार दिवसांत एवढी मुलं कशी जमायची म्हणून.

"जमवावं लागेल," ती म्हणाली. "शुक्रवारी अकराच्या आत."